सर्व वेळ

'डेटा साफ केला' अशी अक्षरं स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात आली, चार-पाच सेकंद थांबली आणि निघून गेली. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम नव्हता. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली माझी, त्यामुळे नजर आधी पूर्णविरामाकडे जाते आणि अर्थ मागून येतो. फोनवरचा मदतनीस विचारत होता, "झालं का मॅडम? आता आमचं पान परत उघडा बघू." उघडलं. इस्पितळाचं जे पान तीन दिवस मला गेल्या महिन्याच्याच तारखा दाखवत होतं, ते शहाण्यासारखं नवं होऊन समोर आलं आणि गुरुवारची सकाळी अकराची वेळ मिळालीसुद्धा. "आणखी काही मदत करू का?" "नको, एवढी पुरे," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग उगाच, हात मोकळा होता म्हणून, वरच्या पट्टीत 'प' दाबला. प उमटला. त्याच्याखाली भराभरा जी यादी उतरायची ती उतरलीच नाही. नुसता एक प आणि खाली पांढरं. 'भ' दाबून पाहिला, 'च' दाबून पाहिला. आतल्या खोलीत हे झोपले होते. दुपारी एकला झोपतात, तीनला उठतात आणि उठले की आधी पाणी मागतात. घड्याळात एक चाळीस झाले होते, आणि पाणी मागायला ह्यांच्याकडे आता शब्द नव्हता.

हे म्हणजे माझा नवरा. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. चौदा महिन्यांपूर्वी दाढी करता करता खाली बसले ते उजवा हात आणि वाचा घालवूनच उठले. डोकं शाबूत आहे असं सगळे डॉक्टर सांगतात, आणि ह्यांच्यासमोर इतक्या मोठ्यानं सांगतात की जसे काही कानच गेलेत. इस्पितळात वाचा शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्या मात्र हळू बोलतात. त्यांनी मला समजावलं की शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट बुजली आहे. पहिलं अक्षर बहुतेक वेळा सापडतं, पुढची सापडत नाहीत. त्यांनी चित्रांची एक पुस्तिका दिली. पेला, ताट, पलंग, संडास. ह्यांनी ती दोन दिवस चाळली आणि गादीखाली सरकवून दिली. साठी उलटलेल्या माणसानं बालवाडीतल्यासारखं पेल्यावर बोट ठेवायचं, ते काही पटेना. तीन-चार महिने नुसते हातवारे आणि घशातला तो एक आवाज, त्या दिवसांची आठवणसुद्धा नको वाटते. मग एकदा मी स्वयंपाकघरात असताना बाहेर टेबल वाजलं. धावत आले तर हे कॉम्प्युटरसमोर बसलेले. शोधायच्या पट्टीत डाव्या हातानं एक 'प' दाबला होता, खाली ह्यांनीच कधीकाळी शोधलेल्या गोष्टींची यादी उतरली होती आणि बाणाच्या बटणानं हे एका ओळीवर येऊन थांबले होते: 'पाणि किती वेळ उकळावे'. मी ती मोठ्यानं वाचली. "पाणी?" विचारलं. ह्यांनी मान हलवली आणि हा माणूस रडला. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

त्या दिवसापासून तीच आमच्या घरातली बोली झाली. ह्यांनी अक्षर दाबायचं, ओळ निवडायची, मी ती मोठ्यानं वाचायची आणि ह्यांनी मानेनं हो किंवा नाही म्हणायचं. लेकीनं कॉम्प्युटर बसवून दिला तेव्हापासूनचे, आठ-नऊ वर्षांचे शोध होते ते. आणि ह्यांची शोधायची तऱ्हाच न्यारी. लोक दोन शब्द टाकून मोकळे होतात, हे अख्खं वाक्य टाकायचे, पलीकडे कुणी कारकून बसलाय आणि त्याला सगळं नीट सांगितलं पाहिजे अशा थाटात. 'चश्मा सापडत नाही काय करावे.' आता घरात हरवलेला चष्मा कॉम्प्युटर काय शोधून देणार, कपाळ! पण तीच ओळ पुढे चष्मा मागायला उपयोगी पडली. 'भुक लागत नाही उपाय' ही ओळ भूक लागली तरी आणि नाही लागली तरी. चेहरा बघून मी ठरवायचं. 'खिडकितुन वारा येतो' म्हणजे खिडकी लाव. 'मुलिला परगावी करमेल का' म्हणजे लेकीला फोन लाव. तिला नोकरी लागून ती गेली त्या आठवड्यात शोधलेलं असणार ते; मला तेव्हा गंधवार्ता नव्हती, मला वाटलं होतं ह्यांना काहीच वाटलेलं नाही. आणि मला हाक मारायला 'ब'. 'बायकोचे घोरने कसे बंद करावे.' दिवसातून वीस वेळा मला या ओळीनं हाक मारली जायची, आल्यागेल्यासमोरसुद्धा. वाचायचा नियम माझाच, तेव्हा मीच मोठ्यानं वाचायचे आणि मीच ओ द्यायचे. "घोरणे, अहो, बाणातला ण," असं सुरुवातीला सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. धडधाकट होते तेव्हा हा माणूस दिवसाला दहा वाक्यं बोलायचा नाही. आता ह्यांचं तोंड बंद म्हणून बंद होईना. वाचा शिकवणाऱ्या बाई खूश झाल्या. "ही यादी जपा हं," म्हणाल्या. "चित्रं मी दिली होती. हे शब्द त्यांचे स्वतःचे आहेत, म्हणून चालतात."

जपा म्हणे! आणि मी जपली ती अशी. मदतनिसानं सांगितलं होतं अगदी स्वच्छ. "तीन चौकटी दिसतील मॅडम. पहिली हिस्ट्रीची, म्हणजे आजवर जे शोधलंत त्याची, तिच्यातली खूण काढून टाका. खालच्या दोन तेवढ्या राहू द्या, कुकीज आणि कॅशे." "कुकीज म्हणजे काय?" "वेबसाइट तुमच्याकडे चिठ्ठ्या ठेवून जाते हो. तुम्ही कोण, मागे कधी आला होता. जुन्या झाल्या की गोंधळ घालतात." चिठ्ठ्या म्हटल्यावर मला पटलं. कॅशे काय ते विचारलं नाही, बिचाऱ्याच्या मागे आणखी दहाजण ताटकळत असतील. वर कालावधी विचारला होता: शेवटचा तास, शेवटचे सात दिवस, आणि सगळ्यात खाली 'सर्व वेळ'. मला हसू आलं. सर्व वेळ म्हणजे काय? सर्व वेळ म्हणजे दिवसभर, सारखं, उठता बसता. 'आजपर्यंतचा सगळा' असं लिहायला कुणी हात धरला होता यांचा? माझ्या टेबलावर आलं असतं तर लाल शाईनं गोल काढून परत पाठवलं असतं. "सर्व वेळ निवडा," मदतनीस म्हणाला, "आणि पहिली खूण काढलीत ना?" मी हो म्हटलं. हो म्हटलं ते मला लख्ख आठवतं. आणि खूण तिथेच होती, निळ्या चौकटीत पांढरी, बरोबरची, हेही लख्ख आठवतं. मग बटण दाबलं.

लेकीला फोन लावला. ती कामावर होती, तरी उचलला. "घाबरू नकोस आई, काय दाबलंस ते आधी सांग." सांगितलं. "बाबांनी खातं उघडून लॉगिन केलं होतं का त्यात? म्हणजे दुसरीकडे कुठे साठवलेलं सापडेल." "ते कसले खातं उघडतायत! तूच बसवून गेलीस, तेवढंच." "मग गेलं गं. ते परत नाही येत." "सगळं?" "आई, तिथे लिहिलेलं असतं ना! तू जगातला प्रत्येक कागद वाचतेस, औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरातलासुद्धा, आणि नेमकं हेच नाही वाचलंस?" "चुकून झालं," मी म्हटलं. "चुकूनच झालं असणार. मुद्दाम केलंस असं कोण म्हणतंय?" ती सहज बोलून गेली, पण चोराच्या मनात चांदणं. "तू तुझं काम कर, माझं मी बघते," असं म्हणून मी फोन ठेवूनच दिला. मिनिटभरात तिचा संदेश आला. तुला आठवतील तेवढी वाक्यं त्या पट्टीत टाक, प्रत्येक एकदा शोध, म्हणजे यादी परत तयार होईल, बाबा उठायच्या आत कर. उपाय सांगितला, बोल लावला नाही. हा गुण माझ्याकडून तर नक्कीच आलेला नाही.

आता ते सांगून टाकते. यादीत 'घ'ची एक ओळ होती. 'घटस्पोटाला किती दिवस लागतात.' पहिल्यांदा समोर आली ती ही बोली सुरू झाल्यावर महिन्याभरानं, आम्ही वाचा शिकवणाऱ्या बाईंकडून नुकतेच आलो होतो. हे खुर्चीत बसले, 'घ' दाबला, बाणानं खाली आले आणि थांबले. मी नेहमीच्या आवाजात वाचायला लागले, "घट..." आणि तिथेच थांबले. "घाम येतोय का?" मी म्हटलं आणि पंखा लावला. थंडीचे दिवस होते. ह्यांनी जोरजोरात मान हलवली, नाही, नाही, आणि पुन्हा तीच ओळ. "दूध उतू जातंय," म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. दूध फ्रीजमध्ये होतं. त्यानंतर ती ओळ येत राहिली, आठवड्यातून एखाददा, बहुतेक बाईंकडून परत आलो की. घरातली प्रत्येक ओळ मी मोठ्यानं वाचली, ही एक सोडून. बाईंना आडून आडून विचारलं, "कधी कधी भलतीच ओळ काढतात हो." "जवळचं मिळेल ते उचलतात," बाई म्हणाल्या. "घर म्हणायचं असेल, घड्याळ म्हणायचं असेल. कोणती ओळ?" "आहे एक," मी म्हटलं आणि विषय बदलला. सांगायचं काय? की माझा मुका नवरा मला दर आठवड्याला काडीमोड मागतो, आणि मी पंखा लावते?

ती ओळ केव्हाची ते मला माहीत आहे, म्हणजे मला तसं वाटतं. सात वर्षांपूर्वी मी पाच महिने बहिणीकडे जाऊन राहिले होते. भांडण नव्हतं, भांडायलाही दोघांनी बोलावं लागतं. हा माणूस कामावरून यायचा, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचा, जेवायचा, छान झालंय म्हणायचा नाही की खारट झालंय म्हणायचा नाही, आणि वर्तमानपत्र उघडून बसायचा. मी दिवसभर लोकांची वाक्यं वाचून डोळे लाल करून घरी यायचे आणि घरात माझ्या वाटणीचं एक वाक्य नसायचं. लेक शिकायला बाहेर पडली तेव्हा तर दोन खोल्यांत नुसती भांड्यांची बडबड उरली. एका रविवारी मी बॅग भरली आणि जाते म्हटलं. ह्यांनी बॅग उचलून बसच्या थांब्यापर्यंत आणून दिली. बस येईपर्यंत उभे राहिले, जड आहे का बघून बॅगेचा एक पट्टा घट्ट केला आणि गेले. पाच महिने फोन नाही. मग एका संध्याकाळी बहिणीच्या दारात येऊन उभे. "घरातला नळ बदलला," म्हणाले. बस्स, एवढंच. आणि मी आले परत. का आले ते बहिणीनं विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. त्या पाच महिन्यांत कधीतरी, याच खुर्चीत बसून, ह्यांनी ते शोधलं असणार. त्यांना हवा होता म्हणून? की मी मागितला तर हाताशी किती दिवस उरतात ते बघत होते? बोलत होते तेव्हा मी विचारलं नाही, कारण ती ओळ मला ठाऊकच नव्हती. ठाऊक झाली तेव्हा उत्तर द्यायला ह्यांच्याकडे हो आणि नाही एवढंच उरलं होतं, आणि त्या दोन्हींना मी भीत होते.

तर ती खूण मी पाहिली होती. मुद्रितं तपासणाऱ्या बाईला चौकटीतली खूण दिसली नाही, यावर लेकीनं विश्वास ठेवावा, मी कशी ठेवू? मनात एवढंच आलं की ती एक ओळ गेली तर बरं होईल. बाकीच्या सगळ्या तिच्याबरोबर जातील हे मला कळत नव्हतं असं नाही, पण कळायच्या आत बोट गेलं होतं. छापखान्यात चुका दोन प्रकारच्या असायच्या, एक खिळे जुळवणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. ही दोन्हींतली नव्हती. माझ्या एका ओळीच्या भीतीपायी मी एका माणसाची वाचा दुसऱ्यांदा घालवली होती. पहिल्या वेळी निदान दोष कुणाचा नव्हता. मला स्वतःची लाज वाटली, इतकी की आतल्या खोलीच्या दाराकडे बघवेना. आतून ह्यांच्या श्वासाचा आवाज येत होता, संथ, एका लयीत. घोरतात हेही, सांगून ठेवते.

बसले टाइप करायला. पाणी, भूक, चष्मा, खिडकी. प्रत्येक ओळ टाकायची, एंटर दाबायचं, पान उघडलं की मागे यायचं आणि पुढची टाकायची. पानं तरी काय एकेक! चष्मा हरवल्यास करायच्या सात गोष्टी आहेत म्हणे जगात. घोरण्यावर एका डॉक्टरचं व्याख्यान निघालं, ते आपोआप सुरू झालं आणि दार लोटायला मला पळत जावं लागलं. आठवेल तसं आठवत गेलं. काही ओळी ह्यांच्या वापरातल्या होत्या, काही मी नुसत्या यादीत येता-जाता पाहिलेल्या: 'लिफ्ट चौथ्या मजल्यावरच का अडकते', 'मुंग्या भिंतितुन येतात', 'हसु आवरत नसेल तर काय करावे'. ही शेवटची कधी शोधली असेल? ह्यांना हसू आवरत नाही असा प्रसंग मी उभ्या संसारात पाहिलेला नाही. 'घ'ला 'घाम फार येतो' टाकलं, 'घड्याळ पुढे का जाते' टाकलं. तिसऱ्या ओळीपाशी हात थांबला आणि मी तो थांबू दिला. बाकी सगळं देते ना परत, एक नाही दिली तर काय आभाळ कोसळतं, असं स्वतःला सांगितलं. तीनला पाच कमी असताना त्रेसष्ट ओळी झाल्या होत्या. मान मोडून आली होती, पण खरं सांगते, जरा अभिमानच वाटला.

हे उठले. भिंतीला हात लावत आले, खुर्चीत बसले. 'प' दाबला. यादी उतरली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पहिलीच ओळ पाण्याची होती. हे तिच्यावर आले आणि पुढे गेले. खाली गेले, वर आले, पुन्हा खाली. 'प' पुसून पुन्हा 'प' दाबला. माझ्याकडे पाहिलं. "ही काय, वरचीच," मी बोट लावून दाखवलं. ह्यांनी त्या ओळीकडे असं पाहिलं जसं रस्त्यात कुणी अनोळखी माणूस नाव घेऊन हाक मारतो तेव्हा आपण पाहतो. मान हलवली. नाही. मग 'भ'. नाही. 'च'. नाही. 'ख'. आणि मग घशातून तो आवाज निघाला, पहिल्या महिन्यांतला, जो मी पुन्हा ऐकणार नाही असं धरून चालले होते. मूठ की-बोर्डवर आपटली. "अहो, थांबा, आहे सगळं! मी टाकलंय सगळं!" मी पळत जाऊन पाणी आणलं, ओठांशी नेलं. ह्यांनी ढकललं, निम्मं माझ्या अंगावर, निम्मं टेबलावर. ह्यांना पाणी नको होतं. ह्यांना पाणी मागायचं होतं.

टेबल पुसता पुसता नजर स्क्रीनवर गेली. 'पाणी किती वेळ उकळावे.' पाणी. दीर्घ वेलांटी, जशी हवी तशी. खाली 'भूक', दीर्घ ऊकार. 'चष्मा', षटकोनातला ष. 'खिडकीतून'. 'मुलीला'. 'घोरणे'. त्रेसष्ट ओळी आणि एक चूक नाही. अगं बाई, काय केलंस हे! हे अक्षरं जुळवून वाचतच नव्हते. बाईंनी कधीतरी सांगितलं होतं की ह्यांना आता वाचता येत नाही, हे ओळीचा तोंडवळा ओळखतात. ह्यांनी स्वतः वर्षानुवर्षं लिहिलेला, ऱ्हस्व तिथे दीर्घ आणि दीर्घ तिथे ऱ्हस्व असा तो तोंडवळा. मी सगळ्यांची नाकं-डोळी सरळ करून ठेवली होती आणि आता ह्यांना त्यातलं कुणीच ओळखीचं वाटत नव्हतं.

पुन्हा बसले, आता ह्यांच्या शेजारी खुर्ची ओढून. तुम्हाला सांगते, जाणूनबुजून चुकीचं लिहिणं सोपं नाही. प, काना, ण, आणि मग बोट आपसूक दुसऱ्या वेलांटीकडे जातं. त्याला धरून पहिलीकडे आणावं लागतं. 'पाणि' लिहिलं तेव्हा दातात खडा आल्यासारखं झालं. पण ह्यांचा चेहरा पालटला. बाण दाबून स्वतःच ओळीवर आले, मी वाचलं, "पाणि किती वेळ उकळावे," आणि मान हलली. पेला भरून आणला, तो एका दमात संपवला. मग आम्ही एकेक ओळ घेतली. चुकून बरोबर लिहिलं गेलं की हे माझ्या मनगटावर डाव्या हाताची टपली मारायचे. 'भिंतीतून'. टपली. 'भिंतितून'. टपली. 'भिंतितुन'. मान. 'घोरणे'ला तर दोन टपल्या बसल्या. एकतीस वर्षांत माझं काम कुणी असं तपासलं नव्हतं. मधेच हे अर्ध्या तोंडानं हसले, मीही हसले, आणि मला वाटलं, सुटलो यातून.

मग ह्यांनी 'घ' दाबला. दोन ओळी उतरल्या, घामाची आणि घड्याळाची. हे खाली गेले, वर आले. पुन्हा खाली, पुन्हा वर. माझ्याकडे पाहिलं. "काय हवंय?" मी विचारलं, निर्लज्जासारखी. पुन्हा 'घ'. ह्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती शोधाशोध होती. मी म्हणू शकले असते की नाही आठवत, गेली ती. कोण पकडणार होतं मला? पण आत्ताच ह्यांचा तो आवाज ऐकला होता. मी की-बोर्ड जवळ ओढला आणि लिहिली. 'घटस्पोटाला', फणसातला फ न घालता, ह्यांच्या पद्धतीनं, आणि पुढचं सगळं. एंटर दाबल्यावर वकिलांची पानं उघडली, ती बंद केली. "घ्या," म्हटलं. "म्हणा काय म्हणायचं ते. आज वाचते मी."

ह्यांनी 'घ' दाबला, त्या ओळीवर आले, आणि मी वाचायला तोंड उघडलं तेवढ्यात डावा हात उचलला. मला वाटलं माझं तोंड बंद करतायत. तो हात ह्यांनी स्क्रीनवर ठेवला. चार बोटं जुळवून, पहिल्या शब्दावर. मी तो बाजूला करायला गेले तर करू देईनात. हनुवटीनं पुढे खुणावत राहिले, उरलेलं वाच, उरलेलं. मी वाचलं. "किती दिवस लागतात." ह्यांनी मान हलवली. हो. मग तीच चार बोटं स्क्रीनवरून काढली आणि स्वतःच्या ओठांवर ठेवली.

नऊ महिने. नऊ महिने दर वेळी बाईंकडून आलं की हा माणूस मला एवढंच विचारत होता, वाचा यायला किती दिवस लागतील, आणि सगळ्या यादीत हे तीन शब्द ह्यांच्याकडे त्या एकाच ओळीत होते. आणि मी पंखा लावत होते. पहिला शब्दही कधीतरी ह्यांनीच लिहिला होता, ते काही पुसलं जात नाही, आणि तो का लिहिला ते मला आता कधी कळेलसं वाटत नाही. पण तो आजचा प्रश्न नव्हता. आजच्या प्रश्नाचं उत्तर मला दोन महिन्यांपासून माहीत होतं. डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं होतं की वर्षभरात येते ती वाचा येते, नंतर फार आशा धरू नका. तरी येणारा-जाणारा म्हणतो, येईल हळूहळू. मीही रोज सकाळी दात घासून देताना तेच म्हणत होते. आताही तेच ओठांवर आलं, तयार वाक्य, काही तपासायला नको असं. ह्यांची बोटं अजून ओठांवरच होती. "अहो," मी म्हटलं, "डॉक्टर म्हणालेत, आता फार नाही यायची. बहुतेक हे असंच राहील."

हे माझ्याकडे पाहत राहिले, मग की-बोर्डकडे. ह्यांनी 'ब' दाबला. "इथेच आहे मी," म्हटलं. पण मला हाक मारायच्या ओळीवर हे थांबले नाहीत, एक ओळ खाली गेले. 'बर वाटत नाही पण ताप नाही.' हात उचलला, आणि या वेळी पहिला शब्द मोकळा ठेवून पुढचे सगळे तळव्याखाली झाकले. एकच शब्द उरला. मी तो मोठ्यानं वाचला, "बरं."